केदारकंठा सहा दिवसांत नको

या वेळचं पत्र डोंबिवलीहून आलंय. थोडं संक्षिप्त करून देते.

"मी ४९ वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते. गेल्या वर्षी ऑफिसच्या ग्रुपबरोबर कळसूबाई केलं आणि तेव्हापासून हिमालय डोक्यात बसलाय. माझी मुलगी २४ वर्षांची, ऐरोलीला आयटीत आहे. तिने नाताळच्या आठवड्यात उत्तराखंडातलं केदारकंठा शिखर ठरवलंय. शनिवारी सकाळच्या विमानाने डेहराडून, त्याच दिवशी गाडीने पायथ्याचं सांकरी गाव, रविवारपासून ट्रेक आणि गुरुवारी सांकरीहून उतरून संध्याकाळच्या विमानाने मुंबई. सगळं सहा दिवसांत बसवलंय. तिच्या ऑफिसातला एक जण म्हणतो, केदारकंठा काय, त्यापेक्षा फ्रेंडशिप पीक करा. आमच्या यजमानांचं म्हणणं, या वयात हे कशाला. मला रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, बाकी तब्येत चांगली. खरं सांगू? मला पडायची भीती वाटत नाही. माझ्यामुळे सगळा ग्रुप खोळंबेल आणि लेकीची ट्रिप वाया जाईल, याची वाटते. जाऊ की नको?"

प्रिय ताई,

जा. केदारकंठालाच जा आणि लेकीबरोबरच जा. फक्त नाताळात जाऊ नका आणि सहा दिवसांत तर अजिबात नको. तुमच्या पत्रात वय आलंय, गोळी आलीय, यजमानांचा विरोध आलाय. पण वाचताना मी अडखळले ती त्या शनिवार ते गुरुवारच्या वेळापत्रकावर. तुम्हाला ज्याची भीती वाटते, म्हणजे तुम्ही मागे पडाल आणि सगळे खोळंबतील, ते घडवून आणायची सगळी सोय त्या वेळापत्रकात आहे.

जरा हिशोब मांडून बघा. शनिवारी पहाटे तुम्ही डोंबिवलीत, समुद्रसपाटीवर उठणार. रात्री सांकरीला, म्हणजे साधारण १,९५० मीटरवर झोपणार. रविवारी जुडा का तालाब या तळ्याकाठच्या मुक्कामाला, २,७७० मीटरच्या आसपास. सोमवारी बेस कॅम्पला, ३,४०० च्या थोडं वर. आणि मंगळवारी उजाडता उजाडता ३,८१० मीटरवर, शिखरावर. विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होऊ शकतो. ३,००० च्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरहून जास्त उंच नेऊ नये, असं डॉक्टर सांगतात. जुडा का तालाब ते बेस कॅम्प हा टप्पा तसाही याच्या थोडा पुढे जातो. त्यात आदल्या दिवशी विमान, मग डेहराडूनहून आठ-दहा तासांचा वळणावळणांचा घाटरस्ता, निम्मी झोप आणि उलटीच्या भीतीने न जेवलेलं पोट. अशा शरीराला सोमवारी रात्री डोकं दुखायला लागलं, तर दोष तुमच्या वयाचा नाही.

हे तुमच्या यजमानांनाही सांगा. विरळ हवेचा त्रास वय बघून येत नाही आणि फिटनेसलाही दाद देत नाही. उलट तरुण, दमदार मुलं भराभर चढतात आणि डोकं धरून बसतात, असं सर्रास दिसतं. शरीराला हवं असतं ते दिवस. मुंबईच्या माणसाला सुट्टी जिवावर येते हे मला कळतं, मीही याच शहरात नोकरी करते. पण आणखी एका जॅकेटवर पैसे घालण्यापेक्षा आणखी दोन दिवसांची रजा टाका.

मग कधी जायचं? मी तुम्हाला एप्रिलचा दुसरा आठवडा सुचवेन. नाताळ ते नववर्ष या दिवसांत केदारकंठाच्या वाटेवर खूप गर्दी असते. शिखराखालच्या अरुंद चढावर रांग लागते आणि पहाटेच्या थंडीत आपल्याला उभं राहावं लागतं. उभं राहिलं की पाय गारठतात, गारठलेल्या पायांनी चालणं अवघड होतं आणि नवख्या माणसाला वाटतं की हे आपल्याला जमत नाहीये. शिवाय त्या दिवसांत बेस कॅम्पला रात्री पारा उणे आठ-दहापर्यंत आणि कधी त्याच्याही खाली जातो. मार्च चांगला असतो, पण बँकेतल्या माणसाला मार्च एंडिंगला रजा मागायला मी सांगणार नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वरच्या भागात बहुतेक वर्षी बर्फ मिळतं, रात्री सोसवतील इतपत थंड असतात, दिवस मोठा असतो आणि खालच्या जंगलात बुरांश, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, लालभडक फुललेला असतो. १४ एप्रिलची सुट्टी पकडली तर रजेचा एक दिवस वाचतो. आणि मुख्य म्हणजे तयारीला चार-पाच महिने मिळतात. आत्तापासून नाताळपर्यंत हातात आहेत ते जेमतेम काही आठवडे.

वेळापत्रक असं ठेवा. मुंबईहून निघून एक रात्र डेहराडूनला काढा. सांकरीच्या गाड्या तिथून सकाळी लवकर, सहा-सातच्या सुमाराला सुटतात आणि उजेडात पोचतात. हिवाळ्यात किंवा पावसात त्या रस्त्याने अंधारात जाऊ नये. मसुरीकडून यमुनेच्या खोऱ्यात उतरून नौगाव, पुरोला, मोरी, नैटवाड असा तो रस्ता आहे. पुरोल्याला पैसे काढून घ्या आणि घरी फोन करून घ्या, पुढे रेंजचा भरवसा नाही. सांकरीला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी लगेच निघू नका. तो दिवस गावात थांबा, शेजारच्या सौड गावापर्यंत चालून या, लाकडी कोरीव घरं बघा, भरपूर पाणी प्या, रात्री लवकर झोपा. मग चार दिवसांचा ट्रेक: जुडा का तालाब, बेस कॅम्प, शिखर करून हरगांवला उतरणं आणि सांकरीला परत. आणि शेवटी डेहराडूनला पुन्हा एक रात्र. सांकरीहून उतरलेल्या दिवशीचंच विमान धरायचं नाही. त्या रस्त्यावर एखादी दरड आली तर चार तास असेच जातात. विमान चुकेल या धास्तीने कुणी आजारी माणसालाही वर ओढत नेतं आणि कुणी शिखराच्या दिवशी गाइडवर घाई करतं.

सांकरीतच स्थानिक गाइड घेऊन तुम्ही दोघींनीच जायचं ठरवलंत, तर जुडा का तालाबला एक रात्र जास्त राहता येईल. ठरलेल्या तारखांच्या मोठ्या ग्रुपबरोबर हे जमत नाही. मला विचाराल तर तुमच्यासाठी पहिला पर्याय जास्त चांगला. तुमची खोळंब्याची भीतीच त्यात उरत नाही, कारण खोळंबायला दुसरं कुणी नसतं.

ग्रुपबरोबर गेलात तरी एक गोष्ट माहीत असू द्या. नीट चालवलेल्या ट्रेकमध्ये एक गाइड सगळ्यांच्या पुढे असतो आणि एक सगळ्यांच्या मागे. मागच्या गाइडचं कामच शेवटच्या माणसाबरोबर चालायचं असतं. शेवटचं कुणीतरी असणारच, त्यात कुणावर उपकार नाहीत. म्हणून पैसे भरण्याआधी संस्थेला फोन करून विचारा: किती जणांमागे किती गाइड? बरोबर ऑक्सिजन सिलिंडर असतो का? रोज संध्याकाळी ऑक्सिमीटर लावून बघतात का? शिखराच्या दिवशी किती वाजता परत फिरायचं ते आधी ठरलेलं असतं का? आणि एखाद्याला मधूनच परतायचं असेल तर त्याच्याबरोबर कोण येतं? या शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही, तर दुसरी संस्था बघा. मुलुंड, ठाणे, डोंबिवली, गिरगाव इथल्या जुन्या गिर्यारोहण संस्थांमधली माणसं याबाबत मोकळेपणाने सांगतात. त्यांच्यातल्या कुणाला जाऊन भेटा.

आता फ्रेंडशिप पीक. त्याचं नाव ऐकून सोपं वाटतं, पण मनालीजवळचं ते शिखर ५,२८९ मीटर उंच आहे. तिथे क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे धातूचे काटे), आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) आणि दोर लागतात, हिमनदीच्या परिसरात बर्फाच्या उतारावर रात्री चालावं लागतं. ते वाईट नाही, पण पहिलं नाही. मुलीला ते करायचंच असेल तर आधी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा किंवा मनालीच्या संस्थेचा बेसिक कोर्स करू दे. तुम्ही दोघींनी आज त्याचा विचारही करू नये.

केदारकंठा मात्र खरंच नवख्यांचं शिखर आहे. तुम्ही कळसूबाई केलंय ना? बारी गावातून वर जाताना तुम्ही साधारण साडेआठशे मीटर चढलात. केदारकंठाच्या शिखराच्या दिवशी बेस कॅम्पहून चढायचे असतात चारशे मीटरच्याही आत, म्हणजे निम्म्याहून कमी. तेवढी ताकद तुमच्या पायांत आहे हे सिद्ध झालंय. फरक असा की तिथे हवेत प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशच असतो, पायाखाली बर्फ असतं आणि निघायचं असतं अंधारात. आणि उतार. शिखरावरून हरगांवपर्यंत त्याच दिवशी हजारेक मीटर उतरायचं असतं. तयारी लोक चढाची करतात आणि गुडघे बोंबलतात उतारावर.

म्हणून तयारीत उतरणं धरा. तुम्ही राहता ती इमारत चार मजल्यांची असली तर तळापासून गच्चीपर्यंत साधारण बारा मीटर होतात. म्हणजे शिखराच्या दिवसाची चढाई म्हणजे तीसेक फेऱ्या. पहिल्या आठवड्यात पाच करा, रिकाम्या हाताने. हळूहळू वाढवत मार्चपर्यंत पंचवीस-तीसवर आणा, पाठीवर पाच किलोची सॅक घेऊन. उतरताना लिफ्ट घ्यायची नाही आणि धावायचंही नाही. टाच आपटू न देता, गुडघा किंचित वाकवून, एकेक पायरी. शेजारचे विचारतील, त्यांना सांगून टाका. आठवड्यातून तीन दिवस भरभर चालणं आणि हलकं धावणं मिळून पाच किलोमीटर. पंचेचाळीस मिनिटांत, दम न लागता, शेजारच्याशी बोलत बोलत ते होऊ लागलं की समजा श्वास तयार आहे. लेक म्हणत असेल की पंधरा दिवस जिम केलं की झालं, तर तिलाही जिन्यावर घ्या.

आणि महिन्यातून एकदा डोंगर. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीपर्यंत चालत जाऊन येणं सुरुवातीला चांगलं. मग नेरळहून पेब. पण मला तुमच्याकडून हवा आहे तो राजमाची, मुक्कामाचा. कर्जत लोकल पकडायची, कोंढाणे लेण्यांच्या वाटेने उधेवाडीला चढायचं, गावात राहायचं आणि दुसऱ्या दिवशी आखडलेल्या पायांनी पुन्हा चालायचं, लोणावळ्यापर्यंत. एका दिवसाचा ट्रेक आपण जिद्दीवर मारून नेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालताना शरीर काय म्हणतं ते हिमालयात जाण्याआधी एकदा ऐकून ठेवायला हवं. दोघी मिळून जा. कुणाचा वेग काय, कुणाला भूक लागली की चिडचिड होते, कुणी त्रास लपवतं, हे सगळं राजमाचीलाच कळेल.

रक्तदाबाचं. गोळीने ताब्यात असलेला रक्तदाब म्हणजे बंदी नव्हे, पण हा निर्णय माझा किंवा तुमचा नाही, तुमच्या डॉक्टरांचा आहे. उंचीवर पहिले काही दिवस रक्तदाब थोडा वाढतो. डॉक्टरांना उंचीचे आकडे सांगा, गोळीचं नाव त्यांना माहीतच आहे, ती त्या थंडीत आणि कमी पाण्यात चालेल का ते विचारा. गरज वाटली तर ते ईसीजी, स्ट्रेस टेस्ट करायला सांगतील. विरळ हवेचा त्रास टाळायला घेतात त्या डायमॉक्सबद्दलही त्यांनाच विचारा. ग्रुपमधल्या कुणीतरी दिली म्हणून घ्यायची ती गोळी नाही. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगायला हवं. आणि तुमची रोजची गोळी खेचरावर जाणाऱ्या मोठ्या सॅकमध्ये टाकू नका. ती तुमच्या अंगावर, थोडी लेकीच्या सॅकमध्ये. वर बरं वाटतंय म्हणून ती परस्पर बंदही करायची नाही.

सामानाची यादी संस्था देते, ती पुन्हा लिहीत नाही. बूट मात्र फेब्रुवारीतच घ्या. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून बघा. उतारावर उभं राहून पुढे झुकलं तरी बोटं टेकता कामा नयेत. ते घालूनच जिने चढा. निघायच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापा. हे क्षुल्लक वाटेल, पण हरगांवच्या उतारावर वाढलेलं नख प्रत्येक पावलाला बुटावर आपटतं आणि संध्याकाळपर्यंत काळं पडतं. जीन्स आणि सुती बनियन घरीच. जाड जॅकेट, काठ्या, गेटर्स (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर चढवायचं आवरण), मायक्रोस्पाइक्स (रबर ताणून बुटांवर चढवायचे काटे) भाड्याने मिळतात. गॉगल स्वतःचा चांगला घ्या, बर्फावरच्या उन्हाने डोळे अक्षरशः भाजतात. शिखराच्या आदल्या रात्री पाण्याची बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरायला लागतं, त्यामुळे पहाटे बाटली सुलटी केली की तोंडाशी पाणीच येतं. आणि स्पाइक्स हातमोजे घालून चढवायची सवय तंबूतच करून घ्या. त्या अंधारात रबर ताणताना हातमोजे काढले की बोटं पाच मिनिटांत बधिर होतात, आणि मग पुढचा अर्धा तास ती उबेला आणण्यातच जातो.

पाळी येण्यासारखी असेल तर पॅड जास्त न्या आणि वापरलेलं सगळं बंद पिशवीत घालून खाली परत आणा. खड्ड्याच्या शौचालयात टाकायचं नाही. भूक वर मंदावते, म्हणून जे तुम्हाला एरवी हमखास आवडतं ते जवळ ठेवा, डिंकाचा लाडू म्हणा, चिक्की म्हणा.

आता सगळ्यात महत्त्वाचं बोलणं, आणि ते तुमच्या स्वयंपाकघरातच व्हायला हवं. वर तंबूत नको. तुम्ही आणि लेक एकदा शांतपणे बसा आणि ठरवा: डोकं दुखलं, मळमळलं, चक्कर आली, तर दोघींपैकी जिला होईल तिने त्याच क्षणी सांगायचं. तुम्ही ते लपवाल, अशी मला दाट शंका आहे. ट्रिप वाया जाऊ नये म्हणून आया जे करतात तेच. तसं करू नका. साधं डोकं दुखणं असेल तर तिथेच थांबून, पाणी पिऊन, विश्रांती घेऊन बहुतेक वेळा उतरतं. ते बसेपर्यंत आणखी वर जायचं नाही, इतकाच नियम. पण नुसतं बसल्या जागी दम लागला, खोकल्याबरोबर फेस आला, बोलणं असंबद्ध झालं किंवा सरळ रेषेत चालता येईना, तर रात्र असो की बर्फ, गाइडला उठवून लगेच खाली उतरायचं. मग ते कुणालाही होवो, दोघींनी उतरायचं.

आणि त्रास गंभीर नाही, फक्त तुम्ही दमलात, तर? तेही आत्ताच ठरवा. तुम्ही मागच्या गाइडबरोबर बेस कॅम्पला परत येणार आणि ती वर जाणार. तिने तुमच्यासाठी थांबायचं नाही आणि तुम्ही तिच्यासाठी स्वतःला ओढायचं नाही. तिला हे तुमच्या तोंडून, निघण्याआधी ऐकू दे. नाहीतर त्या पहाटे ती तुमचा चेहरा बघत चालेल आणि तुम्ही तिचा. उलटही होऊ शकतं हे विसरू नका. ती खाली थांबेल आणि स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ, काला नाग ही शिखरं उन्हात उजळताना तुम्ही बघाल. तेव्हा अपराधी वाटून घ्यायचं नाही.

यजमानांशी वाद घालू नका, त्यांच्या हातात कागद द्या. रोजचा मुक्काम कुठे, संस्थेचा आणि सांकरीच्या गाइडचा नंबर, कोणत्या दिवशी फोन लागणार नाही आणि कोणत्या दिवशी लागायलाच हवा. विम्याची पॉलिसी ट्रेकला चालते का तेही बघून त्यावर लिहा, कारण नेहमीच्या मेडिक्लेममध्ये ते गृहीत धरता येत नाही. "या वयात कशाला" यामागे बहुतेक वेळा "काही झालं तर मला कळणार कसं" हीच काळजी असते. राजमाचीला त्यांनाही घेऊन जा, आले तर.

मुंबईहून हरिद्वारला वांद्रे टर्मिनस आणि लोकमान्य टिळक टर्मिनस इथून थेट गाड्या आहेत, तिथून डेहराडून जवळ. जाताना मी रेल्वेनेच जाईन, वाटेत झोप होते. येताना हवं तर विमान घ्या, पण एक रात्र सोडून. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे १० एप्रिलच्या सुमाराला निघणार असाल तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिकिटं काढावी लागतील. त्याआधी, जानेवारीतच, डॉक्टरांकडे जाऊन या. आणि रजेचा अर्ज आत्ताच टाका, तुमच्या शाखेतल्या बाकीच्यांनी मार्च एंडिंगनंतरची तीच तारीख धरायच्या आत.